हॅमेलिया: हमिंगबर्डचे झुडूप आपल्या कुंपणात कसे आले आणि त्याच्या पाल्याचे औषध कोणाचे?

नीलमोहर (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या पूर्वेकडच्या भिंतीलगत हॅमेलियाचे कुंपण आहे. पुण्यातल्या रस्त्यांच्या दुभाजकांकडे ज्यांचे लक्ष गेले असेल, त्यांना हे झुडूप नावाने नाही तरी डोळ्यांनी नक्की ओळखीचे असेल. कोवळ्या फांद्या आणि पानांचे देठ तांबूस असतात, फांदीच्या टोकाला शेंदरी-लाल नळकांड्यांसारख्या फुलांचा झुबका येतो, आणि मागाहून मिरीएवढी फळे धरतात. ती आधी हिरवी, मग पिवळसर, मग लाल आणि शेवटी काळी होतात. बरेचदा एकाच घोसात चारही रंग सापडतात. नर्सरीवाले याला हमेलिया म्हणतात, क्वचित फायरबुशही म्हणतात. मराठी नाव मला कोणी सांगितलेले नाही.

धागा काढण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी या कुंपणावर हमिंगबर्ड पाहिल्याचे सांगितले, आणि त्यांच्या नातवाने काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत सोसायटीच्या गटात सगळ्यांनी पाहिली. चित्रफितीत काहीतरी तपकिरी, इवलेसे, हवेत एका जागी थबकून फुलात सोंड घालताना दिसते. दुसरे कारण त्यापाठोपाठ आलेला संदेश. त्यात हॅमेलियाला 'आयुर्वेदातील रक्तपुष्पी' ठरवून त्याच्या पाल्याचा रस मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत सर्वांवर गुणकारी असल्याचे छातीठोकपणे म्हटले होते. परवा तळमजल्यावरच्या एक काकू खरोखरच पाने खुडताना दिसल्या, तेव्हा मला राहवले नाही.

माझे प्रश्न साधे आहेत. हे झुडूप मुळात कुठले, याच्यावर येणारा पक्षी कोणता, आणि याच्या औषधी उपयोगाबद्दल जे बोलले जाते त्याला कुठे काही आधार आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

परागकण

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि आमच्या आवारातही हे झुडूप आहे, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

हॅमेलिया पेटन्स हे याचे शास्त्रीय नाव. निकोलाउस योझेफ फॉन जाकिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७६० मध्ये प्रसिद्ध केले. व्हिएन्नाजवळच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागांसाठी झाडे गोळा करायला सम्राटाने त्याला कॅरिबियन बेटांकडे पाठवले होते, आणि त्या काही वर्षांच्या भटकंतीतून अमेरिकेतल्या कितीतरी वनस्पतींची नावे शास्त्रात आली. 'हॅमेलिया' हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्युहामेल द्यु मोन्सो याच्यावरून पडले, तर 'पेटन्स' म्हणजे पसरणारे. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून कॅरिबियन बेटे, मेक्सिको आणि मध्य अमेरिका ओलांडून थेट अर्जेंटिनापर्यंत हे रानटी वाढते. आपल्याकडे कंबरेएवढे छाटून ठेवतात, तिकडे रानात ते सहा मीटरपर्यंतही जाते. कूळ कॉफीचे, म्हणजे रुबिएसी. इक्झोरा (कोकणातली पिटकुळी), कदंब, मंजिष्ठा आणि गेळफळ ही त्याची आपल्या परिचयातली भावंडे.

आता पक्षी. हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत राहतात. भारतात एकही नाही. आजोबांनी पाहिला तो पक्षी नसून दिवसा उडणारा एक पतंग असणार. त्याच्या तोंडाला लांब सोंड असते, शेपटाकडे केसांचा झुपका असतो, आणि तो फुलासमोर हवेत स्थिर राहतो. इंग्रजीतही त्याच्या एका भाऊबंदाला हमिंगबर्डचेच नाव दिलेले आहे, तेव्हा आजोबांना हसण्याचे कारण नाही. चित्रफीत थांबवून पाहा, डोक्यावर दोन मिशा दिसल्या की प्रश्न मिटला.

तुमच्या कुंपणावर येणारे खरे पक्षी म्हणजे शिंजीर. पुण्यात जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हे दोन्ही सहज दिसतात. हमिंगबर्ड आणि शिंजीर हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक नव्हेत. हमिंगबर्डचे नाते पाकोळ्यांशी आहे, शिंजीर चिमण्या-बुलबुलांच्या मोठ्या गोतावळ्यातला आहे. दोघांनीही स्वतंत्रपणे बारीक वाकडी चोच, नळीसारखी जीभ आणि मधाची चटक कमावली. फरक बसण्याच्या रीतीत आहे. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, आणि शिंजिराला क्षणभर तरंगता येत असले तरी तो शक्यतो फांदीला धरून बसतो. हॅमेलियाचा झुबका फांदीच्या टोकाला असल्याने शिंजिराला बसायची सोय आयतीच मिळते. एखादे परदेशी झुडूप इथल्या पक्ष्याला इतके मानवते ते यामुळे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. आजच्या हमिंगबर्डसारख्या पक्ष्यांचे सर्वांत जुने जीवाश्म अमेरिकेत सापडले नाहीत, ते जर्मनीत सापडले. ते तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत आणि गेराल्ड मायर यांनी २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे एके काळी हे पक्षी या बाजूच्या जगातही होते आणि पुढे नाहीसे झाले. आजोबांना एवढे सांगा की त्यांचा अंदाज फक्त तीन कोटी वर्षांनी चुकला.

शंकासुर

परागकण, माझ्या टोपणनावाचे झुडूपही अमेरिकेतूनच आले असे मानतात, त्यामुळे मला परदेशी झाडांबद्दल आकस नाही. पण एक शंका आहे. फूल लाल आणि नळीसारखे दिसले की ते पक्ष्यांसाठीच, हे आपण फार सहज म्हणतो. आमच्या गच्चीवरच्या हॅमेलियावर मला शिंजिरापेक्षा काळे भुंगेच जास्त दिसतात. मग पराग कोण नेतो?

परागकण

प्रश्न योग्य आहे. उद्या सकाळी एक फूल खुडून त्याच्या बुडाकडे नीट पाहा. फुलाची नळी दीड-दोन सेंटिमीटरची असते, मध तळाशी असतो, आणि पुंकेसर तोंडाजवळ. ज्याची चोच तोंडातून आत जाते त्याच्या कपाळाला किंवा चोचीला पराग लागतो. भुंग्याची जीभ तितकी लांब नसते, म्हणून तो बाहेरूनच नळीच्या बुडाला चीर पाडतो आणि मध ओढून घेतो. त्यात तो परागकोशाला शिवतसुद्धा नाही. भिंगातून पाहिले तर ती उभी, कडेने तपकिरी पडलेली चीर स्पष्ट दिसते. एकदा चीर पडली की मुंग्या आणि लहान माश्याही त्याच वाटेने आत शिरतात. याला आम्ही मधुचौर्य म्हणतो. कोस्टा रिकामध्ये याच झुडपावर या चोरीचा अभ्यास झालेला आहे, म्हणजे मायदेशीही ते यातून सुटलेले नाही. शिंजीरही लांब फुलांच्या बाबतीत हाच मार्ग धरतो, तेव्हा सज्जन पक्षी आणि चोर भुंगा अशी विभागणी करण्यात अर्थ नाही.

रंगाबद्दल म्हणाल, तर मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट उठून दिसत नाही आणि पक्ष्याच्या डोळ्याला दिसतो. शिवाय या फुलाला वास नाही. हमिंगबर्डला लाल रंगाची उपजत ओढ असते असे मात्र समजू नये. लाल फुलात भरपूर मध मिळतो हे तो अनुभवाने शिकतो.

ह्यूस्टनवासी

मी टेक्सासमध्ये गेली बारा वर्षे राहते आणि माझ्या मागच्या अंगणात दोन हॅमेलिया आहेत, त्यामुळे मूळ पाहुण्याबद्दल लिहिण्याचा अधिकार घेते. इकडे ते बाराही महिने टिकत नाही. कडक थंडी पडली की वरचा सगळा भाग करपतो, मी तो जमिनीलगत कापते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मुळापासून नवे कोंब येतात. पहिल्या वर्षी मी ते मेले समजून उपटायला निघाले होते. शेजारच्या बाईंनी वेळीच थांबवले.

ऑगस्टच्या अखेरीपासून माणिककंठी हमिंगबर्ड दक्षिणेकडे निघतात आणि आमच्या भागातून जातात. नराच्या गळ्यावरचा लाल पट्टा उजेडाच्या एका कोनातूनच पेटतो, एरवी तो काळाच दिसतो. वजन साधारण तीन ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नव्या नाण्याएवढे. एवढा जीव मेक्सिकोचे आखात ओलांडताना आठशे किलोमीटरहून अधिक अंतर न थांबता उडू शकतो, आणि त्यासाठी निघण्याआधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो. सप्टेंबरमध्ये हॅमेलिया ऐन बहरात असते, त्यामुळे एका झुडपावर दोन नर आले की भांडण ठरलेलेच. मी खुर्ची टाकून बसते तेव्हा पक्षी दिसण्याआधी कानाजवळून मोठी गांधीलमाशी गेल्यासारखा घूंऽ असा आवाज येतो. मग तो फुलासमोर थबकतो, एक नळी, दुसरी नळी, तिसरी नळी असे मोजल्यासारखे करतो, आणि मधेच मागे सरकतो. मागे उडणारा पक्षी मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

इकडच्या बागप्रेमींमध्ये या झुडपावरून एक वाद आहे, तो नीलमोहर यांच्या उपयोगाचा ठरू शकेल. दुकानात बुटके हॅमेलिया म्हणून जे मिळते त्याची फुले पिवळसर-नारिंगी, पाने गुळगुळीत आणि बहुधा चार-चारच्या चक्रात असतात. फ्लोरिडातल्या मूळ प्रकाराची पाने लवदार, तीन-तीनच्या चक्रात, आणि फुले शेंदरी-लाल. बुटक्या प्रकाराला काही जण आफ्रिकन म्हणतात, पण तोही अमेरिकेतलाच. आपल्या कुंपणातली पाने मोजून पाहाल का?

मेरिदाकर

औषधाच्या प्रश्नावर मला थोडे लिहिता येईल. नोकरीनिमित्त मी मेक्सिकोत, युकातान प्रांतातल्या मेरिदा शहरात साडेतीन वर्षे राहिलो. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या, घरात तिथल्या मूळ रहिवाशांची माया भाषा बोलत, आणि परसात लिंबाच्या झाडाशेजारी त्यांचे एक उंच वाढलेले हॅमेलिया होते. त्या त्याला इश्-कानान म्हणत. मी ते पुण्यातल्या कुंपणाचे झाड म्हणून ओळखले, तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त नवल वाटले, कारण 'मग तुम्ही त्याचे काय करता?' या प्रश्नावर मला 'छाटतो' याखेरीज काही सांगता आले नाही.

त्यांच्या नातवाच्या पाठीवर एका मे महिन्यात घामोळे फुटून खाजवून खाजवून लाल झाले होते. बाईंनी सकाळीच कोवळ्या फांद्यांची टोके, पाने आणि फुले यांची मोठी ओंजळभर जुडी खुडली. खुडताना त्या तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात ती जुडी टाकली आणि पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा तांबूस रंग आल्यावर आच बंद केली. पाणी पूर्ण निवू दिले, गाळले, आणि मुलाला अंगणात उभे करून लोट्यालोट्याने पाठीवरून सोडले. वर साधे पाणी घालायचे नाही, पुसायचे नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचे. असे त्यांनी तीन दिवस केले. घामोळे गेले. ते पाण्याने गेले की पाऊस पडून हवा गार झाल्याने गेले, हे मी सांगू शकत नाही आणि बाईंनीही तसा दावा केला नाही.

शेजारच्या बेलीझ देशात याच नावाने हे झुडूप प्रसिद्ध आहे, आणि तिथे त्याच्यामागे एका माणसाचे नाव येते. डॉन एलिखियो पांती हे माया वैदू सान आंतोनियो या गावात राहत. १८९३ चा जन्म, १९९६ मध्ये निधन. तरुणपणी ते चिकल गोळा करणाऱ्यांच्या छावण्यांतून रानात राहिले होते. चिकल म्हणजे च्युइंगमसाठी काढला जाणारा चिकूच्या झाडाचा चीक. आपण घोलवड-डहाणूचा म्हणून ज्या चिकूचे कौतुक करतो, त्याचेही मूळ रान तेच. त्यांच्या उतारवयात रोझिता आर्विगो या अमेरिकी बाई त्यांच्याकडे शिकल्या, आणि न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या मायकेल बॅलिक यांच्याबरोबर त्यांनी बेलीझमधल्या औषधी वनस्पतींची नोंद केली. पांतींच्या परंपरेत इश्-कानान त्वचेच्या सर्व तक्रारींवर धरतात: जखमा, भाजणे, पुरळ, खाज, बुरशी, किड्यांचे दंश. दोन ओंजळी पाने-फुले-फांद्या दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास पाण्यात दहा मिनिटे उकळून, निववून ते पाणी भरपूर ओतायचे. पाळीच्या दुखण्यावर याचा काढा पोटातही देतात. पिकलेली काळी फळे लोक खातात, आणि मेक्सिकोत ती आंबवून पेयही करत असत.

या नावाचा अर्थ तिकडे 'रानाची राखण करणारी' असा सांगतात. 'इश्' हा माया भाषेतला स्त्रीवाचक उपसर्ग आहे, म्हणून मी 'राखणदारीण' म्हणेन. एल साल्वादोरमध्ये त्यालाच चिचिपिन्से म्हणतात आणि तिथेही मुख्य उपयोग जखमा धुण्याचाच आहे.

माडबन

मेरिदाकर, राखणदार हा शब्द वाचून थबकलो. आमच्या तळकोकणात राखणदार म्हणजे रानाचा, बागेचा, गावाच्या सीमेचा अदृश्य धनी. त्याला नारळ दिल्याशिवाय बागेतले मोठे काम सुरू होत नाही. पाला खुडण्यापूर्वी झाडाला विचारण्याची रीत आमच्या आजीकडेही होती, आणि तिन्हीसांजेनंतर ती तुळशीलासुद्धा हात लावू देत नसे. घरमालकीणबाई काय पुटपुटत होत्या, हे तुम्ही विचारले होते का?

मेरिदाकर

विचारले होते. त्या म्हणाल्या की मुलाचे नाव घेऊन त्याच्यासाठी पाला मागत होते. पांतींच्या परंपरेतही पाला तोडताना प्रार्थना म्हणण्याला वनस्पतीइतकेच महत्त्व आहे, ती वगळली तर औषध अर्धेच राहते असे मानतात. सोसायटीच्या गटातल्या संदेशात अर्थातच यातले काही येत नाही.

रसकुंभ

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, त्यामुळे 'आयुर्वेदातील रक्तपुष्पी' या दाव्याला उत्तर देणे माझ्याकडे येते. हे झुडूप अमेरिकेतले आहे. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ते असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही ते नाही. एखादे संस्कृत विशेषण उचलून दिसेल त्या लाल फुलाला चिकटवणे याला निघंटू, म्हणजे औषधी द्रव्यांचा कोश, म्हणत नाहीत. माझ्याकडे येणारे रुग्ण असे संदेश दाखवतात, तेव्हा मला राग येतो तो त्यांचा नव्हे, तर ज्याने मायांचे औषध मायांचे म्हणून सांगण्याऐवजी आपल्या खात्यावर जमा केले त्याचा. मेरिदाकरांनी सांगितलेली माहिती मला पुष्कळ जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यात कोण, कुठे, कशासाठी आणि किती हे सगळे आहे.

द्रव्य नवीन असले म्हणून आयुर्वेदाला ते वर्ज्य नसते. चोपचिनी ही औषधी मुळी बाहेरून आली आणि भावप्रकाशाने तिची नोंद घेतली. पण ती नोंद घेताना ती फिरंग रोगावर (सिफिलिस) कशी द्यायची हे पाहिले गेले. हॅमेलियाच्या बाबतीत असे काम आपल्याकडे झाले आहे असे मला दिसत नाही, आणि म्हणून मी ते रुग्णाला देणार नाही. तळमजल्यावरच्या काकूंना एवढेच सांगावे की कच्च्या पाल्याचा रस पिणे ही पद्धत माया परंपरेतही सांगितलेली नाही. तिकडचा मुख्य वापर उकळून, निववून, बाहेरून धुण्याचा आहे. मधुमेहाचे औषध चालू असताना कोणताही अनोळखी रस घेऊ नये, आणि मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम घरच्या पाल्यावर सोडू नये, हे वेगळे सांगायला नको. रस्त्याच्या दुभाजकावरचा पाला तर धूर आणि कीटकनाशके यांमुळे बाहेरूनही वापरू नये.

लाल नळीचे फूल, पक्ष्यांचा वावर आणि औषधी उपयोग असे तिन्ही एकत्र हवे असेल, तर ते आपल्या डोंगरात आहे. धायटी. संस्कृतात धातकी. अशोकारिष्ट, कुटजारिष्ट ही अरिष्टे म्हणजे आंबवून केलेली औषधे; त्यांच्या संधानात, म्हणजे आंबवण्यात, तिची सुकी फुले घालतात. ती घातल्याशिवाय अरिष्ट उठत नाही, असा आमच्या गुरुजींचा शब्द होता, आणि आता त्या फुलांबरोबर यीस्ट येते हे प्रयोगशाळेनेही दाखवले आहे. शिवाय फुलात कषाय, म्हणजे तुरट, द्रव्य भरपूर असल्याने ती अतिसारातही वापरतात.

घाटवाट

रसकुंभ यांनी धायटीचे नाव काढले म्हणून लिहितो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीतल्या कोणत्याही उघड्या डोंगरउतारावर जा, पानझड झालेल्या राखाडी काटक्यांवर विटकरी-लाल फुले चिकटलेली दिसतील. त्यांच्यावर शिंजीर इतके असतात की फुले ओळखण्याआधी मी त्यांचा चिवचिवाट ओळखतो. लहानपणी आम्ही ती फुले उपटून बुडाकडून चोखत असू. थेंबभर गोडवा मिळे आणि जीभ तुरट होई.

परागकण, एक गोष्ट पडताळून द्या. धायटीत जी लाल नळी दिसते तो पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे आवरण, आहे आणि खऱ्या पाकळ्या आत अगदी बारीक असतात, असे मला एका सहलीत सांगितले होते. हॅमेलियात तसेच आहे का?

परागकण

धायटीबद्दल आपण ऐकले ते बरोबर आहे, हॅमेलियात मात्र लाल नळी पाकळ्याच जुळून झालेली असते, आणि तिचा पुष्पकोश बुडाशी पाच इवल्या दातांपुरता उरतो. धायटी मेंदी-डाळिंबाच्या कुळातली, हॅमेलिया कॉफीच्या. एकीने कोशाची नळी केली, दुसरीने पाकळ्यांची, आणि गिऱ्हाईक दोघींचे सारखेच.

औषधाबद्दल प्रयोगशाळेत काय झाले, तेही नोंदवतो. एल साल्वादोरमधल्या जखमांवरच्या वापराचा धागा धरून झालेला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत वर आलेले बॅलिकही आहेत. उंदरांच्या पाठीवर दोन समांतर छेद घेतले, एकावर नुसती पेट्रोलियम जेली, दुसऱ्यावर त्याच जेलीत हॅमेलियाचा ५ किंवा १० टक्के अर्क. सातव्या आणि बाराव्या दिवशी भरलेली जखम किती ताण सहन करते ते मोजले. अर्क लावलेल्या जखमा एकंदरीत अधिक बळकट भरल्याचा निष्कर्ष आहे. रसायनांत पाहिले तर या झुडपात टेरोपोडीन आणि आयसोटेरोपोडीन ही अल्कलॉइडे सापडली आहेत. हीच द्रव्ये पेरूमधल्या 'मांजरनखी' या प्रसिद्ध औषधी वेलीतही आहेत, आणि ती वेल याच कुळातली आहे. याखेरीज टॅनिन आहे, मेरिदाकरांच्या पातेल्यातला तांबूस रंग बहुधा त्याचाच.

शंकासुर

म्हणजे उंदराच्या पाठीवर जेलीत मिसळलेला अर्क, आणि मुलाच्या पाठीवर उकळलेले पाणी. दोन्ही एकच औषध आहेत असे म्हणता येत नाही. जेलीतला अर्क दिवसभर जखमेवर राहतो, पाणी ओघळून जाते. प्रयोगाने लोकांच्या सांगण्यात तथ्य असू शकते एवढे दाखवले, त्यापुढे नाही. माझा आक्षेप प्रयोगाला नाही, प्रयोगाच्या नावाने पुढे जे 'शास्त्राने सिद्ध झाले' म्हणून पाठवले जाईल त्याला आहे. तळमजल्यावरच्या काकूंना सांगण्याची जबाबदारी नीलमोहर यांनी माझ्या वतीनेही घ्यावी.

ह्यूस्टनवासी

शंकासुर, आपल्याशी सहमत आहे. मात्र एक गोष्ट मला या चर्चेतून पहिल्यांदाच लक्षात आली. माझ्या अंगणातून दक्षिणेकडे जाणारे हे पक्षी थंडी काढतात ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, म्हणजे थेट त्या इश्-कानानच्या गावांत. मी सप्टेंबरमध्ये ज्याला निरोप देते तो नोव्हेंबरमध्ये मेरिदातल्या एखाद्या परसात असेल.

नीलमोहर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे पडताळून पाहिले.

पानांच्या चक्रांची मोजणी केली. भिंतीलगतच्या बावीस झुडपांपैकी एकोणीस झुडपांवर चार-चारची चक्रे आहेत, पाने गुळगुळीत आहेत आणि फुले नारिंगीकडे झुकणारी आहेत. पाण्याच्या टाकीजवळची तीन जुनी झुडपे वेगळी निघाली: तीन-तीन पाने, हाताला लव जाणवते, फुले गडद शेंदरी. म्हणजे आमच्याकडे दोन्ही आहेत. चित्रफीत थांबवून पाहिली, मिशा दिसल्या. आजोबांना तीन कोटी वर्षांचे सांगितले, तर ते म्हणाले की एवढ्या उशिराची आपल्याला सवय आहे, त्यांची पेन्शनही तशीच सुरू झाली होती.

फुले खुडून बुडाकडे पाहिले. टाकीजवळच्या झुडपांची दहा फुले घेतली, त्यांतल्या सहांवर ती तपकिरी चीर होती.

काकूंशी बोलले. त्या रस पीत नव्हत्या, पाने वाटून गुडघ्यावर बांधत होत्या. रसकुंभ यांचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचे कबूल केले आहे.

एक गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. फुले फांदीच्या टोकाला येतात, आणि आमचा माळी दर तीन आठवड्यांनी कात्रीने तीच टोके सपाट करतो. म्हणून भिंतीलगत फुले तुरळक आणि टाकीमागे, जिथे कात्री पोहोचत नाही, तिथे लालभडक. कालच्या बैठकीत मी दिवाळीपर्यंत छाटणी थांबवण्याची सूचना मांडली. अर्ध्या सभासदांना कुंपण सरळ रेषेतच हवे आहे, त्यामुळे दहा झुडपे सोडायची आणि बाकीची छाटायची, असे ठरले. माळीदादांना मी त्या दहांवर सुतळी बांधून दिली आहे.